करप्ट म्हणून आलेली अ‍ॅक्सेसची फाइल

सोसायटीचं मेंटेनन्स बिलिंग, पतपेढीचे खातेउतारे, शाळेचं जनरल रजिस्टर. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेली असली सॉफ्टवेअरं अजून रोज चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल, म्हणजे सगळा डेटा साठवणारी डेटाबेस फाइल, असते. एक दिवस ती उघडत नाही, आणि आमच्याकडे येते तीच 'करप्ट झालीय' हे निदान घेऊन. यातल्या पुष्कळ फायली मुळात धडधाकट निघतात. ज्या खरंच बिघडलेल्या असतात त्यांतल्या काहींचं मोठं नुकसान आधी कुणीतरी घाईनं दाबलेल्या 'रिपेअर'नं केलेलं असतं.

म्हणून पहिली विचारणा मेसेजची. शब्दशः, शक्यतो स्क्रीनचा फोटो. 'उघडत नाही' हे चार ठिकाणी अडू शकतं. विंडोजच फाइल हातात देत नाही. किंवा फाइल मिळते पण जेट किंवा एस इंजिनाला, म्हणजे ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या आतल्या भागाला, ती ओळखता येत नाही. किंवा ओळखते पण आतलं एखादं टेबल फुटलेलं असतं. किंवा टेबलं शाबूत असतात आणि फॉर्म, कोड हा वरचा भाग अडकतो. मेसेज नीट वाचला तर यातला मजला कळतो.

इथे सांगतो आहे ती फाइल एका गृहनिर्माण सोसायटीच्या बिलिंगची. प्रोग्राम सुरू केला की लगेच एरर देऊन बंद. एररचा आशय असा, की तुम्ही आणि दुसरा युजर एकाच वेळी एकच डेटा बदलू पाहताय, म्हणून थांबवलं. नंबर ३१९७. ऑफिसात त्या वेळी एकच मशीन चालू होतं, दुसरा युजर कुणीच नव्हता. जुन्या माणसाला एवढ्यावरच वास येतो, पण वास आला म्हणून आधीच्या पायऱ्या सोडायच्या नसतात.

सुरुवात प्रतीपासून. सगळ्या मशीनवरचा प्रोग्राम बंद करायचा, टास्क मॅनेजरमध्ये अ‍ॅक्सेसची किंवा त्या प्रोग्रामची प्रोसेस मागे लटकलेली नाही ना ते पाहायचं, मग फाइल स्वतःच्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करायची. पेनड्राइव्हवर नाही, शेअर केलेल्या फोल्डरमध्येही नाही. एक प्रत रीड-ओन्ली करून बाजूला ठेवायची, काम दुसरीवर. कॉपी होतानाच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'ची एरर आली तर प्रश्न अ‍ॅक्सेसचा नाही, डिस्कचा आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा कॉपी करून बघणं म्हणजे मरू घातलेल्या डिस्कला पळवणं. आधी पूर्ण डिस्कची इमेज घ्यावी.

कॉपी झाली की साइज. शून्य बाइटची फाइल दुरुस्त होत नाही, तिच्यासाठी बॅकअप शोधायचा. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहायचं, अँटीव्हायरसचं क्वारंटाइन पाहायचं. फाइल जागेवरून गायबच झाली असेल तर त्याच फोल्डरात डीबी१ किंवा डेटाबेस१ अशा अनोळखी नावाची फाइल आहे का तेही बघावं. कॉम्पॅक्ट करताना, म्हणजे फाइलमधली वाया गेलेली जागा काढून ती आटवताना, अ‍ॅक्सेस आधी नवी फाइल बनवतं आणि मग नावांची अदलाबदल करतं. ही अदलाबदल नेटवर्कवर अर्धवट राहिली तर डेटा त्या अनोळखी नावाखाली सुरक्षित बसलेला असतो. साइज दोन जीबीच्या जवळ असेल तर बिघाड शोधायलाच नको. एमडीबी असो की नव्या फॉरमॅटची एसीसीडीबी, कमाल मर्यादा दोन जीबी आहे, आणि ती गाठली की 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' असला काहीही अर्थबोध न होणारा मेसेज येतो. पुसलेल्या रेकॉर्डची जागा आपोआप मोकळी होत नाही, त्यामुळे अशी फाइल प्रतीवर कॉम्पॅक्ट केली की कधी कधी चतुर्थांशावर येते.

सोसायटीची फाइल जेमतेम शंभर एमबीची होती. शेजारी त्याच नावाची एलडीबी मात्र पडलेली, प्रोग्राम बंद असूनही.

एलडीबी, किंवा नव्या फॉरमॅटमध्ये एलएसीसीडीबी, ही लॉक फाइल. पहिला माणूस आत शिरला की ती तयार होते, शेवटचा बाहेर पडला की पुसली जाते. वीज गेली, प्रोग्राम अडकला, किंवा वापरणाऱ्याला त्या फोल्डरमध्ये फाइल पुसायची परवानगीच नसली, तर ती तशीच राहते. 'फाइल ऑलरेडी इन यूज' हा मेसेज बऱ्याचदा इथून येतो. नोटपॅडमध्ये ती उघडून वाचता येते. प्रत्येक युजरमागे ६४ बाइट: पहिल्या ३२ मध्ये मशीनचं नाव, पुढच्या ३२ मध्ये युजरचं, आणि ते जवळजवळ नेहमी 'अ‍ॅडमिन' असतं. यावरून दर वेळी घोळ होतो. 'अ‍ॅडमिन या युजरनं डेटाबेस अशा अवस्थेत ठेवला आहे की तो उघडता येत नाही' असा मेसेज आला की लोक नेटवर्क बघणाऱ्याला धारेवर धरतात. तो अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेसचा डीफॉल्ट युजर आहे, पासवर्ड न लावलेला प्रत्येक जण त्याच नावानं आत जातो. बघायचं ते मशीनचं नाव. तेही जपून, कारण बाहेर पडलेल्याची नोंद लगेच पुसली जात नाही; यादीत नाव आहे म्हणजे तो आत आहेच असं नाही. खात्री करायची तर ज्या मशीनवर फोल्डर शेअर केलंय तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्याखाली 'ओपन फाइल्स'. तिथे फाइल दिसत नसेल तर एलडीबी खुशाल पुसावी. परवानगी असूनही पुसता येत नसेल तर कुणीतरी अजून आत आहे.

परवानगीबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. वापरणाऱ्याला फाइलवर नुसती 'रीड-राइट' देऊन भागत नाही. त्या फोल्डरमध्ये लॉक फाइल बनवायची आणि पुसायची म्हणून फोल्डरवर 'मॉडिफाय' लागते. नवा सर्व्हर बसवला की पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारींमागे हेच निघतं.

यानंतर हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम. पाच मिनिटांचं काम आहे, आणि फाइल खरी जिवंत आहे की नाही ते इथेच ठरतं. निरोगी फाइलचे पहिले चार बाइट ०० ०१ ०० ००, आणि लगेच उजवीकडच्या रकान्यात वाचता येईल असं 'स्टँडर्ड जेट डीबी' किंवा, एसीसीडीबी असेल तर, 'स्टँडर्ड एस डीबी'. शून्यापासून मोजत गेलं तर विसाव्या जागेवरचा बाइट आवृत्ती सांगतो: शून्य म्हणजे अ‍ॅक्सेस ९७ चा जमाना, एक म्हणजे २००० ते २००३ ची एमडीबी, दोन किंवा त्यापुढे एसीसीडीबी. या ओळखीऐवजी नुसती शून्यंच शून्यं दिसली तर वीज जाताना फाइलची जागा नोंदली गेली पण मजकूर डिस्कवर उतरला नाही, असं समजावं. शून्यांचा पट्टा शेवटपर्यंत असेल तर पुढे काही करण्यात अर्थ नाही. आणि सगळीकडे निव्वळ अर्थहीन बाइट, फोल्डरमधल्या इतर फायलींचीही तीच गत, एक्स्टेन्शनला भलतंच शेपूट, तर ते रॅन्समवेअर. मशीन नेटवर्कवरून काढा, डेटाबेसचं नंतर बघू.

आवृत्तीच्या त्या एका बाइटवर किती तरी 'करप्ट' फायली सुटतात. 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट', नंबर ३३४३, हा मेसेज बिघाडाइतकाच आवृत्तीच्या भांडणातूनही येतो. अ‍ॅक्सेस २०१३ पासून ९७ ची फाइल उघडणं बंद झालं, ती २०१० किंवा त्याआधीच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडून नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करावी लागते. उलटंही घडतं. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मधला जुना प्रोग्राम ९७ ची फाइल वापरत असतो, कुणी तरी हौसेनं ती अ‍ॅक्सेस २००३ मध्ये उघडतो, 'कन्व्हर्ट करायची का?' ला होय म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम फाइल ओळखत नाही. जानेवारी २०१९ च्या विंडोज अपडेटनंतर तर काही न करताही हाच मेसेज येऊ लागला होता: ९७ फॉरमॅट आणि ३२ अक्षरांपेक्षा लांब नावाचा कॉलम असेल तर. फायली ठणठणीत, दोष अपडेटचा. पुढच्या महिन्यातल्या अपडेटनं तो निस्तरला.

सोसायटीच्या फाइलचं हेडर, म्हणजे हा सुरुवातीचा भाग, व्यवस्थित होतं, आवृत्तीचा बाइट एक. म्हणजे पृष्ठं, फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे, ४०९६ बाइटांची. या आवृत्तीत प्रत्येक पृष्ठाचा पहिला बाइट त्याची जात सांगतो: ०१ डेटा, ०२ टेबलाची व्याख्या, ०३ आणि ०४ इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड पटकन शोधायची सूची. एमसिसऑब्जेक्ट्स हे टेबल, म्हणजे आतल्या सगळ्या वस्तूंची यादी, हेडरला शून्य धरून मोजलं तर दुसऱ्या पृष्ठावर सुरू होतं. म्हणून ८१९२ व्या जागेवर ०२ ०१ दिसायला हवं. 'एमसिसऑब्जेक्ट्स सापडत नाही' असा मेसेज आला की आम्ही थेट तिथे जाऊन बघतो. यादीच गेली असेल तर अ‍ॅक्सेसला आत काय आहे ते कळायचा मार्ग उरत नाही, मग पृष्ठं चाळत डेटा वेचणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर किंवा बॅकअप. इथे यादी जागेवर होती.

एवढं झाल्यावर अ‍ॅक्सेस. फाइलवर डबल-क्लिक करायचं नाही. कोरा डेटाबेस बनवायचा आणि एक्स्टर्नल डेटामधून जुन्या फाइलमधली टेबलं आयात करायची. पण सगळी एकदम निवडायची नाहीत, कारण एक अडकलं की आयात तिथेच थांबते आणि नेमकं कोण अडलं ते कळत नाही. एकेक घ्यायचं. सभासद, फ्लॅट, बिलं, बँक, सगळं सुतासारखं आलं. पावत्यांचं टेबल अडकलं, तोच ३१९७ देऊन.

यापुढची गोष्ट महत्त्वाची. या क्षणी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' दाबायचा मोह होतो, आणि मेसेज स्वतःही तेच सुचवतो. दाबायचं नाही. कॉम्पॅक्ट म्हणजे गाळणी आहे: जे वाचता येतं ते नव्या फाइलमध्ये जातं, जे येत नाही ते गळतं. गळलेल्याची नोंद एमसिसकॉम्पॅक्टएरर या टेबलात कधी सापडते, कधी नाही. दोन रेकॉर्डची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळख, सारखी दिसली तर की काढून टाकली जाते, तिच्यावर उभी असलेली रिलेशनशिप, म्हणजे दोन टेबलांमधली जोडणी, तीही जाते, आणि हे कुणाच्या लक्षात येतं ते महिन्यांनी, डुप्लिकेट पावत्या छापून झाल्यावर. म्हणून आधी हातानं काढता येईल तेवढं काढून घ्यायचं, कॉम्पॅक्ट शेवटी.

पावत्यांच्या टेबलात शेरा नावाचं मेमो, म्हणजे लांब मजकुराचं, फील्ड होतं. मेमोचा मोठा मजकूर रेकॉर्डच्या ओळीत राहत नाही, तो वेगळ्या पृष्ठावर असतो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता असतो. लिहिता लिहिता नेटवर्क तुटलं तर पत्ता एकीकडे आणि मजकूर भलतीकडे. इंजिन तो पत्ता धरून जातं, तिथे दुसरंच काही सापडतं, आणि त्याचा त्याला लागलेला अर्थ म्हणजे 'मध्ये कुणीतरी दुसऱ्यानं बदललं'. ३१९७ चा दुसरा युजर तो हा.

तर पहिली खेप शेरा सोडून. टेबल लिंक केलं, अपेंड क्वेरी, म्हणजे एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात भरणारी आज्ञा, लिहिली, शेरा वगळून बाकीचे सगळे कॉलम कोऱ्या टेबलात. पावती नंबर, तारीख, फ्लॅट, रक्कम, चेक नंबर: सोसायटीचा जीव यात असतो आणि तो एका क्वेरीत बाहेर आला. नंतर पावती आयडी आणि शेरा एवढीच क्वेरी, आयडीच्या पट्ट्या पाडून. अठरा हजारांच्या आसपास रेकॉर्ड; अर्धे घ्यायचे, अडलं तर त्याचे पुन्हा अर्धे. वीस हजारांतलं एक रेकॉर्ड असं फार तर पंधरा पायऱ्यांत सापडतं. एक बारीक युक्ती: अट लिहिताना नुसतं आयडी न लिहिता 'आयडी अधिक शून्य' लिहावं. फील्डवर गणित केलं की इंजिन इंडेक्स वापरत नाही, ओळी सरळ वाचतं. इंडेक्सच फुटलेला असेल तर साध्या अटीनं आणखी गोंधळ होतो, या युक्तीनं नाही. डेटाशीट उघडून खाली खाली स्क्रोल करत वाईट ओळ शोधणारेही आहेत. प्रायमरी की असली की डेटाशीट त्या क्रमानं लागते, म्हणजे परत इंडेक्स आलाच.

वाईट ओळी शेजारी शेजारी सापडल्या, एकाच पृष्ठावरच्या असाव्यात. त्यांचा शेरा सोडून दिला, कोणत्या पावत्यांचा सोडला त्याची यादी मात्र सेक्रेटरींच्या हातात दिली. छापील पावतीबुकावरून तो भरता येतो.

अ‍ॅक्सेसला टेबल अजिबातच वाचता येत नसतं तर पुढची पायरी लिनक्सवरची एमडीबीटूल्स. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह पुरतो. एमडीबी-व्हर आवृत्ती सांगतं, एमडीबी-टेबल्स टेबलांची नावं देतं, एमडीबी-एक्स्पोर्ट एकेक टेबल सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलीत ओततं. हे इंजिन वेगळं लिहिलेलं असल्यामुळे जिथे जेट हट्ट धरून बसतं तिथे ते कधी कधी पुढे सरकतं. ९७ ची फाइल हातात असून जुनं अ‍ॅक्सेस मिळत नसेल तेव्हाही हाच सोपा रस्ता. पासवर्ड लावलेली २००७ नंतरची एसीसीडीबी मात्र खरोखर एन्क्रिप्ट केलेली असते. पासवर्ड नाही तर तिथे कुठलंच टूल चालत नाही.

अ‍ॅक्सेसमध्येच बनवलेल्या प्रोग्रामांचं, म्हणजे फॉर्म आणि कोडही त्याच फाइलमध्ये असतात त्यांचं, दुखणं निराळं. उघडताना शिफ्ट दाबून ठेवली की सुरुवातीचा फॉर्म आणि ऑटोएक्झेक मॅक्रो टळतात, आणि फाइल आत येऊ देते. आत टेबलं दिसली की अर्धा जीव भांड्यात. 'व्हिज्युअल बेसिक प्रोजेक्ट करप्ट आहे' असं म्हणत असेल तर रन बॉक्समधून अ‍ॅक्सेस, फाइलचा पूर्ण पाथ आणि पुढे स्लॅश डीकम्पाइल, तेही शिफ्ट दाबून. मग कोड पुन्हा कम्पाइल. तेवढ्यानं नाही भागलं तर सगळ्या वस्तू कोऱ्या डेटाबेसमध्ये आयात, जो फॉर्म अडेल तो सोडून. पाथची तक्रार असेल, 'इज नॉट अ व्हॅलिड पाथ', तर डेटा फाइल दुसरीकडे आहे आणि झेड ड्राइव्ह जोडलेला नाही एवढंच. लिंक्ड टेबल मॅनेजरमधून नवा पत्ता द्यायचा. नवा लॅपटॉप घेतल्यावर एसीसीडीई, म्हणजे कोड कम्पाइल करून बंद केलेली फाइल, उघडत नसेल तर ऑफिस ६४ बिट आणि फाइल ३२ बिटवर बनवलेली, असं आधी बघावं. यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. ३२ बिट ऑफिस टाका किंवा मूळ फाइल असेल त्याच्याकडून नवी करून घ्या.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे फाइल उघडली, पण सगळी नावं 'करप्ट'. श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएमचा सुरेख अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर नव्या मशीनवर फॉन्टशिवाय उघडला की रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांचा कचरा दिसतो. डेटा जागच्या जागी असतो. तो फॉन्ट बसवावा, आणि विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये युटीएफ-८ च्या बीटा पर्यायावर टिक असेल तर काढावी. ती असली की जुने व्हीबी प्रोग्राम त्या खुणाही बदलून टाकतात आणि मग सेव्ह केलेलं खरोखरच बिघडतं.

नवी फाइल तयार झाल्यावर जुळवाजुळव. आयात करताना रिलेशनशिप तेव्हाच येतात जेव्हा दोन्ही टेबलं एकाच खेपेत आणली. एकेक आणली तर हातानं परत लावायच्या. अपेंड क्वेरीनं भरलेल्या टेबलावर प्रायमरी की आणि इंडेक्स लावून बघायचे, डुप्लिकेट असेल तर इथेच ओरडेल. ऑटोनंबरची पुढची संख्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढे आहे ना ते एक चाचणी रेकॉर्ड टाकून पाहायचं. मग बेरजा: सोसायटीत वर्षवार पावत्यांची बेरीज मागच्या ताळेबंदाशी ताडली, जुळली. हे सगळं झाल्यावर कॉम्पॅक्ट, आणि मग फाइल मूळ नावानं मूळ जागी.

कारण शोधल्याशिवाय फाइल परत दिली तर ती पुन्हा येणारच. इथे एक मशीन वायफायवर होतं. जेट-एसमध्ये सर्व्हर असा नसतोच. प्रत्येक मशीन नेटवर्कवरून फाइलची पृष्ठं स्वतः वाचतं आणि स्वतः लिहितं, त्यामुळे क्षणभर सिग्नल गेला तरी लिखाण अर्धवट राहतं. वायफाय चालत नाही, केबल टाकून घ्या, हे आम्ही लिहूनच देतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरात चालू डेटा फाइल ठेवायची नाही. तिथे बॅकअपची बंद प्रत ठेवा, हवी तर रोज. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून शेअर केलेल्या फायली वारंवार 'इनकन्सिस्टंट स्टेट'मध्ये जात असतील तर फाइल ज्या मशीनवर आहे तिथल्या रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्सखाली 'डिसेबल लीजिंग' नावाची डीवर्ड नोंद करून किंमत एक द्यायची आणि सर्व्हर सर्व्हिस बंद करून चालू करायची. हा उपाय मायक्रोसॉफ्टनंच सांगितलेला आहे. त्या मशीनवरच्या इतर शेअरचा वेग किंचित पडतो, एवढी किंमत मोजावी लागते.

बिघडलेली मूळ प्रत ऑडिट होईपर्यंत पुसायची नाही. सोडून दिलेल्या शेऱ्यांपैकी चेक नंबर आणि इंग्रजी नावं त्या फाइलच्या हेक्समध्ये शोधली तर पुष्कळदा जशीच्या तशी वाचता येतात.